कोल्हापूरहून अंदमानला प्रवाळ बघायला: बेत समुद्राच्या घड्याळावर बांधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरचं सहा जणांचं कुटुंब: नवरा-बायको, १३ वर्षांची मुलगी, ९ वर्षांचा मुलगा आणि आजी-आजोबा, वयं ६६ आणि ७०. आजोबांना बीपीची गोळी चालू आहे. पोहता फक्त मुलांच्या वडिलांना येतं, तेही गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेलं. शाळेमुळे दिवाळीची सुट्टी, २६ जानेवारीला जोडून आठवडा किंवा मे, असे तीनच पर्याय आहेत. टूरवाल्याने ५ रात्री ६ दिवसांचं पॅकेज दिलंय. त्यात पाचव्या दिवशी दुपारी स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरणं (डाईव्ह), आणि सहाव्या दिवशी सकाळी परतीचं विमान. हे घ्यावं, की आपलं आपण ठरवावं?

हे पॅकेज आहे तसं घेऊ नका. त्याची शेवटची ओळच चुकली आहे. पाण्याखाली दाबामुळे श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत विरघळतो आणि वर आल्यावर तो सावकाश बाहेर पडतो. विमानाच्या केबिनमधला दाब एखाद्या उंच डोंगरावर असावा इतका कमी असतो. गोटी सोड्याची गोटी एकदम दाबल्यावर बाटलीत जे होतं, तेच अंगात होऊ शकतं. म्हणून एका साध्या डाईव्हनंतर किमान १२ तास आणि एकापेक्षा जास्त डाईव्ह केल्या तर किमान १८ तास विमानात बसायचं नसतं. बरीच डाईव्ह सेंटरं सरळ २४ तास सांगतात. तुम्हीही २४च धरा. स्नॉर्कलिंगला, म्हणजे पृष्ठभागावर तरंगत तोंड पाण्यात घालून बघण्याला, ही अट लागू नाही. ज्या टूरवाल्याला एवढं ठाऊक नाही त्याने भरतीच्या वेळा पाहिल्या असतील, अशी आशा ठेवू नका.

प्रवाळ दिसायला चार गोष्टी एका वेळी जुळाव्या लागतात: वारा शांत, ऊन वरून, पाणी भरतीचं आणि बघणाऱ्याचा श्वास संथ. हॉटेल, टॅक्सी आणि 'पॉइंट' हे या चार गोष्टी ठरल्यावर बसवायचे. बहुतेक सहली उलट्या क्रमाने बांधतात आणि मग दुपारी चार वाजता, ओहोटीत, गढूळ पाण्यात दहा मिनिटं रबरी रिंगला लटकून लोक म्हणतात, 'काही खास नव्हतं.'

आधी महिना. दिवाळीच्या सुमारास तिकडे ईशान्य मोसमी पाऊस असतो आणि बंगालच्या उपसागरात वादळं होण्याचा तोच काळ. डिसेंबर २०१६ मध्ये अशाच एका वादळात हजाराहून जास्त पर्यटक हॅवलॉक आणि नील बेटांवर अडकले होते आणि त्यांना आणायला नौदलाच्या बोटी गेल्या होत्या. मे महिन्यात पहिला पंधरवडा बरा जातो. २० मेच्या आसपास मोसमी पाऊस अंदमानला पोचतोच. आपल्याकडे बातम्यांत 'मान्सून अंदमानात दाखल' ऐकतो ते हेच. शिवाय एप्रिल-मेमध्ये पाणी सगळ्यात तापलेलं असतं, आणि प्रवाळांना ताण पडतो तोही तेव्हाच. सगळ्यात निवळ पाणी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. तुमच्या तीन पर्यायांत जानेवारीचा शेवटचा आठवडा उजवा. तेव्हा ईशान्येचा वारा थोडा असतो, म्हणजे बेटांच्या पूर्वेकडच्या किनाऱ्यांवर लाटा उठतात आणि पश्चिमेच्या बाजूला त्या मानाने निवांत असतं. हे लक्षात ठेवा, हॉटेल निवडताना कामाला येईल.

नावांचा घोळ आधीच मिटवतो. पोर्ट ब्लेअर आता श्री विजय पुरम, सप्टेंबर २०२४ पासून. हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप, रॉस म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. ही तिन्ही नावं डिसेंबर २०१८ मध्ये बदलली. बोलताना आणि तिकिटाच्या साइटवर जुनी नावं अजून सर्रास भेटतात.

उजळाईवाडीहून थेट विमान नाही. कोल्हापूरची विमानसेवा कधी या शहराला तर कधी त्या शहराला, वेळापत्रक बदलतच असतं. म्हणून बेळगाव, गोवा आणि पुणे हेही तपासा. कुठूनही निघालात तरी बेंगळुरू, चेन्नई, हैदराबाद किंवा कोलकात्यात विमान बदलावं लागेल. अंदमानची बरीच विमानं सकाळी निघतात, त्यामुळे आदल्या रात्री त्या शहरात मुक्काम गृहीत धरा. मिरजेहून राणी चन्नम्माने बेंगळुरू गाठून पुढे विमान घ्यायचं असेल तर गाडी आणि विमान एकाच दिवशी ठेवू नका. दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर असतील तर पहिलं उशिरा आल्यावर पुढची सोय कंपनी करते. वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर पुढचं तिकीट तुमचं तुम्ही गमावता. सहा जणांचं गमावलेलं तिकीट म्हणजे दोन रात्रींच्या चांगल्या रिसॉर्टचे पैसे.

आता दिवसांची मांडणी. श्री विजय पुरमला धरून ७ रात्री ठेवा, पैकी ३ स्वराज द्वीपला आणि १ शहीद द्वीपला. पहिला दिवस उतरून जेवून झोपायचा. संध्याकाळी सेल्युलर जेलचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम मिळाला तर बघा, नाही तर राहू द्या. जेल शेवटी नीट बघायचाच आहे. उतरल्या दिवशीच बेटांकडे जाणारी दुपारची फेरी (बोट) पकडायची घाई करू नका. विमान दीड तास उशिरा आलं की फेरी गेली आणि पुढच्या बोटीला जागा असेलच असं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीने स्वराज द्वीप, संध्याकाळी राधानगर किनारा. तिसऱ्या दिवशी सकाळी एलिफंट बीचवर स्नॉर्कलिंग. चौथा दिवस स्कूबाचा आणि तोच राखीवही: तिसऱ्या दिवशी समुद्र खवळला तर एलिफंट बीच चौथ्या दिवशी सरकतं. पाचव्या दिवशी शहीद द्वीप, तासाभराच्या आत बोट पोचवते. सहाव्या दिवशी भरतीच्या वेळी भरतपूर किनारा आणि दुपारच्या फेरीने परत. सातवा दिवस कोरडा: सेल्युलर जेल, रॉस, बाजार. आठव्या दिवशी विमान. सातवा दिवस पाण्यातला 'वाया' दिवस वाटेल, पण फेरी रद्द झाली तर तोच तुम्हाला विमान मिळवून देतो.

जेल मात्र घाईत उरकू नका. १९०६ साली बांधून झालेल्या या तुरुंगाच्या सात पाख्यांपैकी आज तीनच उभ्या आहेत. सावरकरांची कोठडी सगळे बघतात. वेळ काढून कोठड्यांचे कडीकोयंडेही बघा. कडी भिंतीत इतकी आत घेतली आहे की आतल्या माणसाचा हात तिथे पोचूच नये.

आणि घड्याळ. अंदमान कोल्हापूरच्या जवळपास १९ रेखांश पूर्वेला आहे, पण वेळ तीच भारतीय प्रमाणवेळ. म्हणजे सूर्य आपल्यापेक्षा सव्वा तास आधी उगवतो आणि मावळतो. जानेवारीच्या शेवटी साडेपाचच्या आसपास अंधार पडायला लागतो, आणि सूर्य डोक्यावर साडेअकरालाच येतो. पाण्यावर उजेड तिरका पडला की त्यातला बराच पृष्ठभागावरूनच परत फिरतो. म्हणून पाण्यात उतरायची वेळ सकाळी साडेआठ ते एक. 'नाश्ता करून आरामात दहाला निघू' ही कोल्हापुरी सवय तिथे अर्धा दिवस खाते.

भरती-ओहोटीचा हिशेब त्याहून महत्त्वाचा. कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण मिळते, पण तो हिशेब कोकण किनाऱ्याचा. प्रत्येक बंदराची वेळ वेगळी, त्यामुळे अंदमानासाठी पोर्ट ब्लेअरचा भरती-तक्ताच बघायचा. दोन गोष्टी मात्र सगळीकडे सारख्या. भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. आणि अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तर अष्टमीनंतर भांगाची भरती. उधाणाच्या ओहोटीला पाणी इतकं खाली जातं की उथळ प्रवाळ उघडे पडतात, आणि चढ-उतार मोठा असल्याने पाण्याला ओढही जास्त. भांगाच्या दिवसांत पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही, प्रवाह मंद. न पोहणाऱ्या कुटुंबाला हेच हवं. स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढा आणि तिसरा ते सहावा दिवस अष्टमी ते एकादशीच्या आसपास येतील अशी तारीख धरा. चार दिवस मागे-पुढे करून हे जमत असेल तर शाळेतून चार दिवसांची रजा मागायला हरकत नाही. याला एक अपवाद शहीद द्वीपचं लक्ष्मणपूर-२: तिथला खडकाचा नैसर्गिक पूल आणि डबक्यांमधले जीव बघायला खोल ओहोटीच लागते. सगळं एकाच तिथीत मिळत नाही.

हॉटेलविषयी बऱ्याच जणांची फसगत होते ती अशी. 'बीच रिसॉर्ट' म्हणजे दारातच पोहायचं, असं वाटतं. स्वराज द्वीपची बरीच रिसॉर्टं पूर्वेच्या बाजूला, जेट्टीपासून खाली विजयनगर-काला पत्थरकडे आहेत. तिथे ओहोटीला पाणी लांब मागे सरतं आणि मृत प्रवाळांचा दगडगोटा उघडा पडतो. अनवाणी चालवत नाही. राधानगर पश्चिमेला, पांढऱ्या वाळूचा, पोहायला सुरेख, पण तिथे किनाऱ्यालगत बघण्यासारखे प्रवाळ नाहीत. म्हणून बुकिंग करताना हॉटेलला तीनच प्रश्न विचारा: ओहोटीला पाणी किती लांब जातं, जेट्टी किती किलोमीटर, आणि आजोबांना खोलीपर्यंत किती पायऱ्या. उत्तर 'सर, सी-व्ह्यू आहे' असं आलं तर दुसरं हॉटेल बघा.

राधानगर किंवा कुठेही, जिथे मगरींचा फलक किंवा लाल बावटा असेल तिथे पाण्यात जायचं नाही. खाऱ्या पाण्यातली मगर अंदमानात खरोखर आहे; २०१० मध्ये राधानगरजवळच्या एका खाडीत स्नॉर्कलिंग करणाऱ्या पर्यटक तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात जीव गेला. जीवरक्षक शिट्टी वाजवतो तेव्हा हुज्जत घालणारे, दुर्दैवाने, बहुधा मराठीतच घालतात.

फेऱ्यांचं थोडक्यात. खासगी वेगवान बोटी स्वराज द्वीपला दीड-दोन तासांत पोचतात, सरकारी बोटीला त्याहून जास्त वेळ लागतो पण ती स्वस्त असते. खासगीचं तिकीट एका टप्प्याला माणशी दीड-दोन हजार रुपये धरून चाला. तीन टप्पे, सहा जण, म्हणजे २७ ते ३६ हजार फक्त बोटीचे. विमान ठरलं की त्याच दिवशी फेरी बुक करा, हॉटेल नंतर. ज्याला घाटात मळमळतं त्याला बोटीतही मळमळणार. अशांनी मागच्या बाजूला, मध्यभागी, खालच्या मजल्यावर बसावं, मोबाइल बघू नये, रिकाम्या पोटी किंवा मिसळ खाऊन चढू नये. गोळी घ्यायची तर निघण्याआधी तासभर, डॉक्टरांना विचारून. मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग कमी. गोळीने झोप येते, म्हणून स्कूबाच्या दिवशी ती नको. आलेपाक बरोबर ठेवा.

आता मुख्य काम: मास्क. बरीच स्नॉर्कलिंग बिघडतात ती समुद्रामुळे नाही, मास्कमध्ये पाणी शिरल्यामुळे. तिथे भाड्याने मिळणारे मास्क सगळ्यांच्या चेहऱ्यावरून फिरलेले, पट्टा सैल झालेले असतात. सहा जणांसाठी निदान चार चांगले सिलिकॉनचे मास्क इथूनच घेऊन जा, मुलाला लहान मापाचा. माप असं बघायचं: पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत घ्या आणि हात सोडा. मास्क तसाच चिकटून राहिला तर बसला. पडला, किंवा कुठून तरी फुस्स हवा आली, तर तो कितीही महाग असो, तुमचा नाही. पट्टा आवळून गळती थांबत नाही, उलट कड दुमडून वाढते. केसांची एक बट आत अडकली तरी पाणी येतं. मिशी असेल तर नाकाखालचा वरचा काठ तीन-चार मिलिमीटर भादरा; कोल्हापुरी झुपक्याला हे जड जाईल, पण पाणी नेमकं तिथूनच झिरपतं. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, तो आतून पांढऱ्या टूथपेस्टने दोन-तीनदा घासून काढा, नाहीतर धुकं जाणार नाही. उतरण्याआधी बेबी शॅम्पूचा एक थेंब काचेवर फिरवून हलकं विसळा. चष्मा असलेल्यांसाठी नंबरचा मास्क मिळतो. चष्म्यावर मास्क बसत नाही. संपूर्ण चेहरा झाकणारा, वर नळी असलेला मास्क दिसायला सोयीचा वाटतो, पण तो घेऊ नका. त्यात सोडलेला श्वास परत ओढला जाण्याचा धोका असतो आणि घाबरल्यावर तो चटकन निघत नाही.

सराव घरीच सुरू करा. अंबाई टँकवर किंवा जो तलाव जवळ असेल तिथे महिनाभर, आठवड्यातून दोनदा. पोहायला शिकण्याचं ध्येय ठेवू नका. तरंगणं आणि नळीतून श्वास घेणं एवढं पुरे. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून तोंड पाण्यात, वीस संथ श्वास. मग हात तलावाच्या काठावर, पाय मोकळे, पुन्हा वीस. मग लाइफ जॅकेट घालून पालथं तरंगणं. नळीत पाणी गेलं तर 'फू' करून एका जोरदार फुंकरीने बाहेर, आणि पुढचा श्वास हळू, चाचपून. विहिरीत शिकलेल्या माणसाची एक अडचण वेगळीच असते: तो पाण्यात उभ्याने सायकल चालवल्यासारखे पाय मारतो. प्रवाळांवर याच लाथा बसतात, वाळू उडते आणि मागच्या सगळ्यांचं दिसणं बंद. पाय कमरेतून, सरळ, छोटे हलवायचे.

मग डिसेंबरात एक शनिवार-रविवार मालवण. फोंडा घाट किंवा गगनबावड्यावरून चार-पाच तासांत पोचता. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास स्नॉर्कलिंग होतं, १९८७ साली जाहीर झालेलं सागरी अभयारण्य आहे. पाणी अंदमानाइतकं निवळ नाही, काही वेळा चार-पाच मीटरपुढचं दिसतही नाही. पण खारं पाणी नाकात गेल्यावर कोण घाबरतं, कोण शांत राहतं, हे तिथेच कळतं. मालवणात ज्याने पाच मिनिटांत मास्क काढून फेकला त्याच्यासाठी अंदमानात काचेच्या तळाच्या बोटीचं तिकीट काढा, स्कूबाचं नको.

एलिफंट बीचला जेट्टीवरून बोटीने जातात. बोटीच्या तिकिटात बऱ्याचदा 'मोफत स्नॉर्कलिंग' असतं, ते दहा-पंधरा मिनिटांचं. माणसाचा श्वास शांत व्हायलाच दहा मिनिटं लागतात, म्हणजे बघायला लागलात की वर या. जादा पैसे देऊन किमान ४० मिनिटं घ्या, आणि एका गाइडमागे दोघांपेक्षा जास्त नकोत. पहिल्या बोटीने जा. अकरानंतर गर्दीने वाळू ढवळलेली असते.

पाण्यात गेल्यावर काय बघायचं हे आधी ठाऊक नसेल तर निराशा होते. प्रवाळ म्हटल्यावर डोळ्यांपुढे गुजरीतल्या सराफाकडचं लाल पोवळं येतं. ते वेगळ्या जातीचं, खोल पाण्यातलं. अंदमानाच्या उथळ पाण्यातले, खडक बांधणारे प्रवाळ बहुतेक तपकिरी, शेवाळी, पिवळट असतात, कारण त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि तेच त्यांना अन्न पुरवतं. तपकिरी म्हणजे जिवंत, धडधाकट. लख्ख पांढरा, फुलासारखा सुंदर दिसणारा प्रवाळ म्हणजे उष्णतेने शैवाल हाकललेला, उपाशी. आणि राखाडी-हिरवट बुरा धरलेला म्हणजे मेलेला. तिन्ही तुम्हाला दिसतील. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये इथे मोठ्या प्रमाणावर प्रवाळ पांढरे पडले. २००४ च्या भूकंपात उत्तर अंदमानचा तळ वर उचलला गेला आणि तिथले उथळ प्रवाळ उघड्यावर पडून मेले. म्हणून जाहिरातीतल्या फोटोंशी ताडून बघू नका. शिवाय पाणी लाल रंग आधी गिळतं, चार-पाच मीटरखाली लाल तांबडं दिसतच नाही. फोटोत तो दिव्याने आणलेला असतो.

सबंध किनारा फिरण्यापेक्षा एक मोठा गोलसर प्रवाळखडक निवडा आणि त्याच्यावर हात-दोन हात अंतरावर दहा मिनिटं निश्चल तरंगा. आधी काही हलत नाही. मग कडकड असा, चुरमुरे चावल्यासारखा आवाज येतो: तो पोपटमासा दातांनी खडक खरवडतोय, आणि थोड्या वेळाने त्याच्या मागून पांढरी वाळूची धार सुटते. त्या किनाऱ्यावरची बरीचशी पांढरी वाळू अशीच तयार झालेली आहे. खडकावर बोटाच्या पेराएवढी रंगीत झाडं दिसतील, पिळाच्या आकाराची. तुमची सावली पडली की क्षणात आत ओढली जातात. ती झाडं नाहीत, किडे आहेत. लाटेबरोबर डोलणाऱ्या समुद्रफुलात नारिंगी-पांढरा मासा बाहेर येऊन तुमच्याकडे रोखून बघेल. मुलाला हा मासा बोटीवर चढल्यावर आठवडाभर पुरेल. माशांना ब्रेड घालायला गाइड देतात, घेऊ नका. ब्रेडवर जमणारे मासे दोन-तीन जातींचेच असतात आणि ते बाकीच्यांना हुसकतात.

स्कूबा: मुलगी १३ची, तिला चालेल. किमान वय सर्वसाधारणपणे १० असतं, त्यामुळे ९ वर्षांचा मुलगा रडला तरी नाही. वडील आणि मुलगी करू शकतात. पहिल्या प्रयत्नाला पोहता येणं सक्तीचं नसतं, पण एका प्रशिक्षकामागे एकच माणूस हवा. प्राथमिक डाईव्हची कमाल मर्यादा १२ मीटर. ६-७ मीटरवर सगळं दिसतं, खोलीचा हट्ट नको. खर्च माणशी चार ते सहा हजार धरा. आरोग्याचा फॉर्म खरा भरा: दमा, फिट्स, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण यांत कुठेही 'हो' असेल तर डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय नाही. सर्दी झाली असेल तर त्या दिवशी रद्द. नाक मोकळं करायची गोळी घेऊन उतरू नका, तिचा परिणाम पाण्याखाली ओसरला की वर येताना कान अडकतात.

कानाचं गणित असं. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, पण टक्क्यांत बघितलं तर सगळ्यात मोठा बदल पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच असतो. म्हणून तिथेच दुखतं आणि तिथेच लोक घाबरतात. नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, दर अर्ध्या मीटरला, दुखायच्या आधी. कान सुटला नाही तर मीटरभर वर येऊन पुन्हा. जोर लावून फुंकलात तर पडदा फाटू शकतो. दुसरा नियम एकच: श्वास कधीही रोखून धरायचा नाही, विशेषतः वर येताना. श्री विजय पुरमजवळच्या 'नॉर्थ बे' इथे हेल्मेट घालून समुद्रतळावर चालवतात, 'सी-वॉक'. तिथेही कानाचे नियम हेच.

आजी-आजोबांसाठी काचेच्या तळाची बोट, साडेदहा ते बारा या वेळात, सूर्य वर असताना. बसताना डोक्यावर काळं कापड धरलं तर काचेवरची चकाकी जाते. एक गडद ओढणी पुरते. आजोबांनी स्नॉर्कलिंग करायचंच म्हटलं तर डॉक्टरांना विचारून, लाइफ जॅकेट घालून, छातीइतक्याच पाण्यात, शेजारी कोणीतरी उभं. नळीतून श्वास घेताना छातीवर ताण येतो आणि सत्तरीत तो जाणवतो. बोटीच्या शिडीला आधी नीट बघून घ्या. गुडघ्यांची खरी परीक्षा तिथे आहे.

काही त्रास झाला तर: प्रवाळाने खरचटलं की गोड्या पाण्याने भरपूर धुवा, बारीक कण चिमट्याने काढा, जंतुनाशक लावा, ही जखम क्षुल्लक दिसते आणि हमखास चिघळते. विषारी काट्याचा मासा टोचला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, अर्धा ते दीड तास पाय बुडवून ठेवा आणि दवाखान्यात न्या. पाण्यात जाताना रबरी बूट घाला. संध्याकाळी किनाऱ्यावर वाळूमाश्या चावतात, खाज आठवडाभर राहते. अंगभर कपडे आणि खोबरेल तेल.

सनस्क्रीनपेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट घ्या, पाठ त्यानेच वाचते. चेहऱ्याला झिंक ऑक्साइडचं क्रीम. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या क्रीमची विक्री हवाईत २०२१ पासून बंद आहे, प्रवाळांसाठी ती घातक मानतात म्हणून. डब्यावरची यादी वाचून घ्या.

आणि मुलांना आधीच सांगा: किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडाही उचलायचा नाही. प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, बरेच शंखशिंपलेही संरक्षित आहेत, आणि परतताना विमानतळावर बॅग तपासतात. जरावा आदिवासींच्या राखीव भागातून जाणाऱ्या रस्त्यावर फोटो काढणं, थांबणं हाही गुन्हा. तुमच्या सात रात्रींत त्याच रस्त्याने जायच्या बाराटांग बेटाला जागा नाही, ते सोडून द्या. वेळ उरलाच तर वंडूरहून जॉली बॉय बेट, तिथे प्लास्टिकची बाटली नेता येत नाही, स्टीलची घ्या.

लक्षद्वीप आणि मालदीवचं विचाराल तर: लक्षद्वीपचं पाणी उत्तम, पण प्रवेशाचा परवाना आधी लागतो आणि सहा जणांची तिकिटं जुळणं कठीण. मालदीवला भारतीयांना पोचल्यावर व्हिसा मिळतो, पण सहा पासपोर्ट आणि रिसॉर्टची बिलं बघता या सहलीला ते नाही.

पैसे: २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आल्यापासून नेट सुधारलंय, तरी बेटांवर यूपीआय अडतं. दहा-पंधरा हजार रोख जवळ ठेवा. सहाही जणांचं आधार मूळ, आणि औषधं दोन बॅगांत विभागून. कांदा-लसूण चटणी न्यायची असेल तर चेक-इन बॅगेत टाका. तिखट हातातल्या बॅगेत असलं की सुरक्षा तपासणीत राहतं. भडंग मात्र हातातच असू द्या, फेरीची दोन तासांची वाट त्यावर निघते.